भोसरीतल्या प्लेटिंग शॉपची गॅलरी: लोखंडी जाळी काढून ग्लास फायबरची बसवताना

शॉपच्या मालकांचा, म्हणजे शेठचा फोन आला तो बुधवारी रात्री. पिकलिंगच्या, म्हणजे मालावरचा गंज अॅसिडनं उतरवायच्या टाकीजवळ एका हेल्परचा पाय गॅलरीच्या जाळीतून आरपार खाली गेला होता. गमबूट होता म्हणून पोटरी खरचटण्यावर निभावलं. अॅसिडची टाकी तिथून दोन फुटांवर. "उद्या गुरुवार, शॉप बंदच आहे, येऊन बघून जा," एवढंच ते म्हणाले. भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे दुरुस्तीची सगळी कामं गुरुवारात कोंबायची आमची सवय. या प्रकरणात निर्णय झाला तोही किलोच्या दरावर नाही, गुरुवारांच्या हिशेबावर.

शॉप लहान, झिंक म्हणजे जस्ताच्या प्लेटिंगचं. गाड्यांना लागणारे बोल्ट, क्लिपा, छोटे ब्रॅकेट येतात, चकचकीत होऊन जातात. टाक्यांची एक सरळ रांग आहे: तेलकटपणा काढायला गरम कॉस्टिकचं (म्हणजे अल्कलीचं) डिग्रीजिंग, पाणी, हायड्रोक्लोरिक अॅसिडचं पिकलिंग, पुन्हा पाणी, झिंक, पाणी, जस्त टिकवणारं पॅसिव्हेशन आणि शेवटी ड्रायर. रांगेला लागून २८ मीटर लांब, ९०० मिलिमीटर रुंद, चालायची लोखंडी गॅलरी. ३२ बाय ५ च्या पट्ट्यांची जाळी आणि खाली दर १२०० मिलिमीटरवर अँगलचा टेकू.

गुरुवारी सकाळी मी पेचकस घेऊन गॅलरीवर बसलो. वरून जाळी ठणठणीत दिसत होती, कारण दर दिवाळीत तिच्यावर रेड ऑक्साइड आणि करडा एपॉक्सी चढत होता. पेचकसाचं टोक लावलं तर पट्टीचे पापुद्रे खारीच्या थरांसारखे सुटले. कॅलिपर लावला. ५ मिलिमीटरच्या पट्टीत लोखंड उरलं होतं दीड मिलिमीटर, काही ठिकाणी तेवढंही नाही. रंगानंच जाळी धरून ठेवली होती म्हणा ना.

मग तीच जाळी ड्रायरच्या टोकाला जाऊन तपासली. एकाच दिवशी, एकाच मिस्त्रीनं बसवलेली. तिथं पट्टी साडेचार मिलिमीटर भरली. म्हणजे जाळी जुनी झाली होती असं नव्हे. पिकलिंग आणि त्याच्या आजूबाजूच्या टाक्यांजवळच ती खाल्ली गेली होती. बाजारात मिळणारं हायड्रोक्लोरिक अॅसिड ३० ते ३३ टक्क्यांचं असतं. पिकलिंगला ते पाणी घालून निम्म्यावर आणतात, तरी त्याची वाफ निघतच राहते. ही वाफ लोखंडावरच्या ओलाव्यात विरघळते आणि जाळीवर कायमचा अॅसिडचा पातळ थर बसतो. पावसाळ्यात ओलावा हवेतूनच मिळतो. बाकीच्या महिन्यांत रात्री लोखंड गार पडलं की दव धरतं. रंगात सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी पुरतं. अॅसिडमधलं क्लोराइड आत शिरलं की रंगाखालून पसरत जातं आणि वरून काही दिसत नाही.

शेठचा पहिला सवाल होता, "गॅल्व्हनाइझ करून टाकू का?" मी त्यांच्याच टाकीकडे बोट दाखवलं. रिजेक्ट झालेल्या मालावरचं जस्त उतरवायला ते हेच अॅसिड वापरतात. बुडवलं की बुडबुडे येतात आणि काही मिनिटांत जस्त गेलेलं असतं. जाळीवरचं जस्त वाफेनं थोडं सावकाश जाईल, इतकाच फरक. दुसरा सवाल स्टेनलेसचा. त्याचंही उत्तर शॉपमध्येच उभं होतं: तीन वर्षांपूर्वी बसवलेलं स्टेनलेसचं रेलिंग. दुरून झकास दिसायचं, पण बोट फिरवलं की मोहरीएवढे खड्डे लागायचे. क्लोराइड स्टेनलेसला एकसारखं झिजवत नाही, टाचणीनं टोचावं तसं टोचतं. ३०४ च्या जागी ३१६ जातीचं स्टेनलेस घेतलं तर टोचायला जास्त दिवस लागतात, पण या वाफेपुढे तेही टिकणारं नाही.

राहिलं ग्लास फायबर.

इथं शब्दाचा एक घोळ आहे. आपल्याकडे फायबर म्हणजे काहीही असतं. बाथरूमचं दार फायबरचं, मंडळाची मूर्ती फायबरची आणि गच्चीवरची काळी टाकीसुद्धा फायबरची. यातली काळी टाकी साध्या पॉलिइथिलीनची असते, तिच्यात काचेचा धागा औषधालाही नसतो. शेठच्या डोक्यात फायबर म्हणजे तेच प्लास्टिक होतं. "माणूस उभा राहील का त्यावर?" मी म्हटलं, साताऱ्याला जाता ना, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्यांची पाती याच घराण्यातली. ताकद काचेच्या धाग्यात असते. रेझिन, म्हणजे पिकून घट्ट होणारा चिकट द्रव, त्या धाग्यांना एकत्र बांधून ठेवतं आणि रसायनांपासून जपतं. त्यात काय आणि किती घातलंय यावर वस्तू दाराची होते की पात्याची, हे ठरतं.

जाळी दोन तऱ्हेनं बनते. एका पद्धतीत साच्यात धागे उभे-आडवे अंथरून रेझिन ओततात. हिला मोल्डेड म्हणतात. वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा काच, बाकी रेझिन. दोन्ही दिशांना भार घेते आणि रेझिन जास्त असल्यानं अॅसिडला जास्त दाद देत नाही. दुसरी पल्ट्रुडेड. यात धागे रेझिनच्या हौदातून काढून तापलेल्या डायमधून सलग ओढून घेतात. इथं प्रमाण उलटं, काच दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणून ती जास्त ताठ असते, पण एकाच दिशेला. हा 'एकाच दिशेला' पुढे आम्हाला भोवणार होता.

रेझिनची निवड मात्र घाई न करता केली. आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर स्वस्त पडतं आणि अॅसिडच्या वाफेला ठीक असतं, पण याच रांगेत कॉस्टिकची गरम टाकीही आहे आणि अल्कली पॉलिएस्टरला फोडते. व्हिनाइल एस्टर दोन्हीकडे तग धरतं. दोन टाक्यांसाठी दोन जातींच्या जाळ्या मागवल्या तर तिसऱ्या वर्षी कोणीतरी अदलाबदल करणार, हे नक्की. म्हणून सरसकट व्हिनाइल एस्टर. अल्कली खुद्द काचेलाही खाते, त्यासाठी पृष्ठभागाला सिंथेटिक धाग्याचा पातळ पदर असलेलीच जाळी मागितली. या दुकानात क्रोम प्लेटिंग असतं तर मी हा सल्ला इतक्या सहज दिला नसता. दाट क्रोमिक अॅसिड रेझिनलाच जाळतं.

रंगावरून रेझिन ओळखता येत नाही, हे खरेदी करणाऱ्यानं गाठीला बांधावं. हिरवी म्हणजे अमुक आणि केशरी म्हणजे तमुक असा नियम नाही, पुरवठादाराच्या मर्जीनं रंग ठरतो. आम्ही टेस्ट सर्टिफिकेट मागितलं आणि आलेल्या मालाच्या कापलेल्या कडेवर अॅसिटोनचा बोळा घासून पाहिला. कड चिकट झाली असती तर रेझिन नीट पिकलेलं नाही असा अर्थ. झाली नाही. त्याआधी नमुन्याचे तुकडे नायलॉनच्या दोरीला बांधून सहा आठवडे पिकलिंग आणि डिग्रीजिंगच्या टाक्यांत सोडले होते. प्रत्येक जोडीतल्या एका तुकड्याच्या कडा रेझिननं बंद केलेल्या, दुसऱ्याच्या तशाच उघड्या.

पहिला गुरुवार

२८ पैकी फक्त ११ मीटर बदलायचं ठरलं. ड्रायरकडची जाळी धडधाकट होती, ती काढण्यात काही हशील नव्हतं. ११ मीटरची लोखंडी जाळी चौरस मीटरला ४५ किलोच्या घरात, म्हणजे सगळी मिळून साडेचारशे किलोला थोडी कमी. नवी ३८ मिलिमीटर जाडीची मोल्डेड जाळी चौरस मीटरला १९ किलोच्या आसपास, सगळी मिळून दोनशेच्या आत. जुनी काढायला चार माणसं आणि चेन-ब्लॉक लागला. नवी दोघांनी गप्पा मारत उचलून नेली.

खरा फायदा मला त्या सकाळी दिसला तो दुसराच. आजवर जाळी दुरुस्त करायची म्हणजे गॅस कटिंग आणि वेल्डिंग. पिकलिंगच्या टाकीत लोखंड आणि अॅसिड एकत्र आलं की हायड्रोजन निघतो, म्हणून ठिणगी पडण्याआधी टाकी रिकामी करा, धुवा, झाका. त्यातच अर्धा दिवस जायचा. या वेळी टाकी भरलेली तशीच राहिली, नुसतं झाकण घातलं. कापणं सगळं मागच्या अंगणात, डायमंडची चकती लावून, पाणी मारत. मिस्त्रीनं मास्क लावला, पण बाह्या खाली सोडल्या नाहीत आणि संध्याकाळपर्यंत कोपरांपासून मनगटापर्यंत खाजवत बसला. काचेची भुकटी चामडीत रुतते. त्यावर गार पाण्याची धार सोडायची आणि चोळायचं नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी पटलं.

पाच वाजता सगळं बसलं. मी ऐटीत गॅलरीवरून चालत गेलो आणि तिसऱ्या पावलाला थबकलो. पायाखाली जाळी लवत होती. मोडत नव्हती, कुरकुरत नव्हती, पण लवत होती. सुपरवायझर मागून आला तर मला त्याचं पाऊल माझ्या तळव्यात जाणवलं. तो हसून म्हणाला, "साहेब, झोपाळा बांधला काय?"

चूक सर्वस्वी माझी होती. जुन्या जाळीचे टेकू १२०० मिलिमीटरवर होते, मी नवी जाळी त्यांच्यावरच ठेवून दिली. ताकदीचं गणित केलं होतं आणि ते बरोबरही होतं; तिथं चार माणसं उभी राहिली असती तरी काही तुटलं नसतं. मात्र ताठपणाचं गणित मी जुन्या सवयीनं लोखंडाचं धरलं. लोखंडाचा मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, २०० गिगापास्कल. काचेच्या सुट्या धाग्याचा ७२ च्या आसपास, रेझिनचा ३-४. दोन्ही मिसळून, धागे दोन दिशांना वाटून बनलेल्या मोल्डेड जाळीचा १२ च्या आसपास येतो. म्हणजे त्याच मापाची पट्टी लोखंडापेक्षा पंधरा-सोळापट लवचिक. नवी पट्टी थोडी जास्त खोल आणि जाड होती म्हणून प्रत्यक्षात फरक तेवढा पडला नाही, तरी एका माणसाच्या वजनानं मधोमध ६-७ मिलिमीटरचा झोल आला. तो धोकादायक नव्हता. पण अॅसिडच्या टाकीच्या काठावर पायाखालची जमीन हलली तर माणूस रेलिंग धरून चालतो, आणि हातात जॉबचा क्रेट असेल तर तेही जमत नाही.

दुरुस्ती सोपी होती. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, निम्मा केला की एका जागी पडणाऱ्या भाराचा झोल आठपट कमी होतो आणि सगळीकडे सारख्या पसरलेल्या भाराचा सोळापट. पुढच्या गुरुवारी दोन टेकूंच्या मधोमध पल्ट्रुडेड चॅनल बोल्टनं बसवले आणि गाळा ६०० वर आणला. झोल मिलिमीटरच्याही आत आला. आधीच विचार केला असता तर चॅनलचा खर्च टळला नसता, पण एक गुरुवार वाचला असता. ग्लास फायबरची जाळी लोखंडाच्या जाळीची जागा घेते, पण लोखंडाच्या टेकूंवर घेत नाही. माझ्यासारख्या वीस वर्षं कामात असलेल्यानं हे सुपरवायझरच्या टोमण्यातून शिकावं, याची अजून थोडी लाज वाटते.

त्याच गुरुवारी आणखी एक फजिती झाली. प्लेटिंगला डीसी करंट देणाऱ्या रेक्टिफायरजवळ गॅलरी दीड मीटर रुंद होते. तिथं आम्ही पल्ट्रुडेड जाळी दिली होती, कारण एक तर गाळा मोठा, आणि दुसरं म्हणजे बसबारच्या, म्हणजे करंट नेणाऱ्या जाड पट्टीच्या, शेजारी वीज न वाहणारी जमीन असलेली बरी. बसबारवर व्होल्ट नावापुरते असतात पण करंट प्रचंड. पाना घसरून बसबार आणि लोखंडी जाळीच्या मध्ये अडकला की ठिणग्यांचा फवारा उडतो. मिस्त्रीला एक तुकडा आडवा बसेना, म्हणून त्यानं तो उभा फिरवला आणि न कापता अगदी मापात बसवला. दिसायला सुबक! फक्त भार घेणाऱ्या दांड्या आता टेकूंना समांतर होत्या, त्यांची टोकं कशावरच टेकत नव्हती. उरले होते दांड्या जोडणारे बारीक आडवे गज. मी खालून बॅटरी मारली म्हणून कळलं. तेव्हापासून प्रत्येक तुकड्यावर भार घेणाऱ्या दांड्यांच्या दिशेनं मार्करचा बाण काढल्याशिवाय मी जाळी वर चढू देत नाही.

खड्डा आणि सळया

जाळी बसल्यावर शेठ खूष, इतके की ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा, नवा कलेक्शन खड्डा बांधायचा होता त्यातही "फायबरच्या सळया घाला" म्हणाले. ग्लास फायबरच्या सळयांसाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२३ मध्ये आयएस १८२५६ हे मानक काढलं आहे, तेव्हा हे काही हवेतलं खूळ नव्हतं. सळई गंजली की गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होतं आणि तो आतून काँक्रीट फोडतो. काचेच्या सळईत तो प्रश्नच नाही. मात्र मी शेठना एक गोष्ट दोनदा सांगितली. अॅसिड सळईआधी सिमेंटला खातं. आत सळई सोन्याची घातली तरी काँक्रीट विरघळायचं थांबणार नाही, त्यामुळे आतून अॅसिडरोधक लायनिंग लागणारच. सळई लायनिंगला पर्याय नाही. लायनिंग कुठं फुटलंच तर ती मागची तटबंदी.

फिटरनं पहिल्याच सळईला सवयीनं वाकवायला घेतलं, तर तिचे धागे उसवले. या सळया साइटवर वाकत नाहीत. एल आणि यू आकार कारखान्यातून वाकवूनच आणाव्या लागतात, आणि वाकाच्या जागी ताकद कमी धरावी लागते. शिवाय लोखंडासारखं ताणून, भेगा दाखवून, आरडाओरडा करून ती तुटत नाही. ताण घेत राहते आणि मग एकदम जाते. डिझाइनमध्ये त्याचा हिशेब आधीच करायचा असतो. या ठिसूळपणाचाही कुठं उपयोग होतो पाहा: मेट्रोच्या कामात बोगद्याचं यंत्र ज्या जागी भिंत कापून आत शिरणार तिथं मुद्दाम काचेच्या सळया घालतात, म्हणजे यंत्राचे दाते अडकत नाहीत.

आमच्या खड्ड्यात गंमत झाली ती काँक्रीट ओतताना. व्हायब्रेटर लावला आणि तळाच्या स्लॅबमधली सळयांची वरची जाळी हळूहळू वर यायला लागली. फिटर दोन्ही हातांनी दाबतोय आणि जाळी दुसऱ्या कोपऱ्यातून डोकं काढतेय. सळईची घनता काँक्रीटपेक्षा कमी, तेव्हा ओल्या काँक्रीटमध्ये ती तरंगणारच. वाचलेलं होतं, पण खालच्या साध्या काँक्रीटच्या थराला (पीसीसीला) बांधून ठेवायचं राहून गेलं. शेवटी लाकडी फळ्या आडव्या टाकून माणसं त्यांवर उभी केली आणि दीड तास तशीच उभी ठेवली.

पैसे

लोखंडी जाळीचं कोटेशन १०० धरलं तर ग्लास फायबरचं २३० आलं होतं, नंतरचे चॅनल धरून २६० झालं. कोटेशनच्या २३० वरची शेठची पहिली प्रतिक्रिया छापण्याजोगी नाही. मग आम्ही त्यांच्याच डायरीतून मागची सहा वर्षं काढली. या ११ मीटरात जाळीची दोनदा मोठी दुरुस्ती, दर पावसाळ्यानंतर ठिगळं, दर दिवाळीत रंग. प्रत्येक मोठ्या दुरुस्तीला दोन गुरुवार आणि वर एक पाळी बंद. मालापेक्षा बंद पडलेल्या पाळ्यांचे पैसे जास्त भरले. शेठनी डायरी मिटली आणि काही न बोलता ऑर्डर दिली. तीच जाळी कोरड्या गोदामात घालायची असती तर मी त्यांना लोखंडच सांगितलं असतं; तिथं हे १६० जास्तीचे कधीच वसूल होत नाहीत.

भंगाराचा कॉलम मात्र शेठना अजून सलतो. जुनी लोखंडी जाळी टेम्पोत भरून गेली आणि किलोवर पैसे आले. ग्लास फायबरचे उरलेले तुकडे भंगारवाल्यानं हातात घेऊन उलटेपालटे केले आणि खाली ठेवले. हे रेझिन एकदा पिकलं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक नाही. ते तुकडे आता पाण्याच्या कूलरपुढे पायपुसण्याच्या जागी आहेत.

आगीबद्दल मी लेखी दिलं आहे. हा माल जळतो आणि काळा धूर करतो. आग पकडायला वेळ लागेल असं रेझिन घेतलं, पण प्लेटिंग शॉपमध्ये आगी लागतात त्या बहुतेक वेळा टाकीतलं पाणी आटलं आणि हीटर चालूच राहिला यामुळे. म्हणून जाळीच्या बिलातच दोन्ही गरम टाक्यांच्या हीटरना पाणी खाली गेलं की हीटर बंद करणारे लेव्हल स्विच घातले. शेठ म्हणाले, याचा जाळीशी काय संबंध? मी म्हटलं, ते बिल वेगळं दिलं असतं तर तुम्ही पास केलं असतंत का?

गेल्या महिन्यात, म्हणजे दोन पावसाळे झाल्यावर, पुन्हा जाऊन आलो. जाळी जशीच्या तशी आहे, पाय घसरू नये म्हणून वर चिकटवलेली वाळू पायरहदारीच्या पट्ट्यात थोडी गुळगुळीत झाली आहे. पिकलिंगच्या वरच्या, जाळी धरून ठेवणाऱ्या ३१६ च्या क्लिपांना टोचे पडायला सुरुवात झाली, तिथं फायबरचे नट-स्टड बसवायला सांगितले. खालचे लोखंडी खांब तेच जुने आहेत, आणि आता शॉपमध्ये सगळ्यात वाईट गंज त्यांच्या पायथ्याशी आहे.

निघताना पिकलिंगच्या टाकीच्या कडेला नायलॉनची दोरी दिसली. नमुन्याचे तुकडे काढायचे कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. वर ओढून धुतले. बंद कडेचा तुकडा नुसता मळकट झाला होता. उघड्या कडेवर पांढरे केस फुटले होते आणि नख फिरवलं तर ते पिंजलेल्या कापसासारखे निघून आले. सुपरवायझरला दोन्ही दाखवले. त्यानं दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले, दोरीची गाठ परत घट्ट केली आणि पुन्हा टाकीत सोडले.